पाचव्या भोकातली सुई

मित्रांनो, मला नीट पाहायचं असेल तर आधी खिडकीजवळ या आणि डोळे जरा बारीक करा. करंगळीच्या नखाएवढा मी. काळ्या प्लास्टिकचा, एका अंगाला चार आणि दुसऱ्या अंगाला चार अशी आठ भोकं आणि खाली तेवढेच इवले पाय असलेला. मी रेडिओतला एक जुना सॉकेट आहे. रेडिओत आयसी नावाचा एक आठ पायांचा काळा तुकडा असतो. त्याने माझ्या अंगावर बसायचं आणि मी त्याचे पाय घट्ट धरायचे, एवढंच माझं काम. लहरी मी पकडत नाही, आवाज मी वाढवत नाही. बसायला जागा देणाऱ्याचं कौतुक कोण करतं? तरीही आज मागे वळून पाहिलं की तक्रार अशी एकही आठवत नाही. आठवतात ते उपकारच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेलं प्लास्टिक साच्यात दाबलं, थंड केलं आणि प्रत्येक भोकात पितळेच्या दोन इवल्याशा पात्या बसवल्या. या पात्या म्हणजे माझा जीव. पाय आत आला की त्या त्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. माझ्या एका टोकाला अर्धचंद्रासारखी खाच आहे. आयसीच्या डोक्यावरही तशीच खाच असते. खाचेशी खाच जुळली की तो सरळ बसला म्हणायचं. उलटा बसला तर वीज भलत्याच पायातून आत शिरते आणि बिचारा भाजून मरतो. तपासणीच्या टेबलावर एका बाईने माझ्या प्रत्येक भोकात आयसीचा एक पाय घालून ओढून पाहिला आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. अजून विसरलेलो नाही.

तिथून मी एका पाकिटात गेलो. रेडिओ घरी जोडण्याचं ते किट होतं. तारेची वेटोळी, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, तांब्याच्या रेघांचा एक बोर्ड, एकुलता एक आयसी आणि सोबत एक छापील कागद. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की एरियलजवळचे भाग बोर्डाला थेट सोल्डर करावेत, म्हणजे वितळलेल्या कथलाच्या थेंबाने कायमचे जोडावेत, कारण तिथल्या नाजूक लहरींना मधे कुणी लुडबुडलेलं खपत नाही. आयसी मात्र सॉकेटमध्ये बसवावा. म्हणजे माझी नेमणूक कागदोपत्री पक्की होती. मी निश्चिंत होतो.

पाकीट उघडलं ते एका लांबट खोलीत. त्या एकाच खोलीत दोन दुकानं होती. खिडकीकडच्या बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा भाऊ बसायचा, दाराकडच्या बाजूला त्याची धाकटी बहीण शिलाई मशीन चालवायची. एकीकडे टिकटिक, दुसरीकडे खडखड. किट बहिणीने मागवलं होतं आणि त्याला कारणही तसंच होतं.

तिचा नवरा दूरच्या एका बेटावर हवामान केंद्रात कामाला होता. बोट तीन महिन्यांनी एकदा जायची. गेल्या बोटीने त्याचं पत्र आलं, पण अक्षर त्याचं नव्हतं. 'हाताला थोडं लागलंय, म्हणून सोबत्याकडून लिहून घेतोय. काळजी नसावी,' इतकंच. आता ज्या पत्रात 'काळजी नसावी' असं दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचून कुणाला झोप लागेल? ती पत्र रोज मशीनच्या खणातून काढायची, वाचायची आणि परत ठेवायची. मग हवामान खात्याचं परिपत्रक आलं की यापुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता बेटावरची माणसं रेडिओवरून आपापल्या घरी निरोप देतील. साध्या रेडिओवर त्या लहरी लागत नसत. त्यासाठी हे किट. तिला बाकी काही नको होतं. ज्याने पत्र लिहिलं नाही, त्याच्या तोंडून दोन शब्द ऐकायचे होते.

"दादा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आत होईल ना रे?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"घड्याळातला केसाएवढा स्प्रिंग बसवतो मी. हा तर डोंगराएवढा रेडिओ," दादा म्हणाला.

आणि त्याने मला चिमट्याने उचललं, उजेडात धरलं आणि बाजूला टाकलं.

"हा काय टाकतोस?" बहिणीने विचारलं.

"सॉकेट. ज्यांना स्वतःच्या हाताचा भरवसा नाही त्यांची सोय. अगं, हे पुढे सैल पडतं, आत घाण बसते, मग ऐन वेळी खरखर. थेट सोल्डर केलं की जन्माची गाठ."

"पण दादा, मी कोटसुद्धा आधी कच्चा शिवते. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघते, मगच पक्की शिलाई. उसवायची सोय ठेवलेली बरी असते."

"कापडाचं वेगळं, तांब्याचं वेगळं. वीस वर्षं झाली या टेबलावर. माझी चूक व्हायची असती तर केव्हाच झाली असती."

मित्रांनो, दादाचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. सॉकेट सैल पडतो, हे मी नाकारलं तर माझी जीभ झडेल. पण नेमणूकपत्र हातात असताना पहिल्याच दिवशी हाकलून दिलं, तर कुणाला वाईट वाटणार नाही?

बहिणीने मला जमिनीवरून उचललं. ती काहीच टाकून देत नसे. चिंध्या, तुटकी बटणं, रिकामी रिळं, सगळं 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून ठेवलेलं. मी तिच्या बटणांच्या डब्यात पडलो. तिथे माझी गाठ टिचबटणांशी पडली. उघडायचं आणि मिटायचं, हाच त्यांचाही जन्मभराचा धंदा. त्यांच्यात मला अगदी घरच्यासारखं वाटलं. दोन दिवसांनी बहिणीने मला डब्यातून काढलं, भोकं निरखली आणि मशीनच्या पाटावर चिकटवून माझ्यात सुया खोचायला सुरुवात केली. बारीक सुया ठीक होत्या. पण पाचव्या भोकात ती कोटाची बटणं टाचायची जाडजूड सुई खुपसायची. तीन आठवडे ती सुई माझ्यात जा-ये करत राहिली. त्या भोकातल्या पात्या हळूहळू फाकत गेल्या. मला कळत होतं, पण मी सांगणार कसा? शिवाय खरं सांगू का, कुणालातरी आपला उपयोग होतोय याचंच मला इतकं बरं वाटत होतं की दुखण्याकडे मी काणाडोळा केला.

इकडे दादाचं 'आज करतो, उद्या करतो' चाललं होतं. गिऱ्हाइकांची घड्याळं मधे यायची. अखेर शुक्रवारी दुपारी त्याने शेवटचा जोड दिला. जोड मात्र देखणे होते हं, एकेक थेंब मोत्यासारखा. त्याने ऐटीत बॅटरी जोडली. रेडिओ गप्प. कान लावला. गप्प. आयसीवर बोट ठेवलं आणि चटका बसून झटकन मागे घेतलं.

त्याने बॅटरी काढली. बोर्ड उलटा केला, सुलटा केला, कागद पाहिला, पुन्हा बोर्ड पाहिला. डोळ्याचं भिंग काढून पुसलं आणि परत लावलं. झालं होतं असं की घड्याळ उघडतात ते पाठीमागून. वीस वर्षं दादाने प्रत्येक यंत्र पाठीमागूनच वाचलं होतं. कागदावर बोर्डाची दोन चित्रं होती, एक पुढून आणि एक मागून. सवयीने त्याने मागचं चित्र समोर धरलं आणि आयसी पुढून बसवला. खाच खालच्या टोकाला हवी होती, ती वरच्या टोकाला गेली. असली चूक एखाद्या शिकाऊ रेडिओवाल्याने केली नसती. त्यासाठी मुरलेला घड्याळवालाच लागतो.

शेवटी त्याने भिंग काढून टेबलावर ठेवलं. मग खुर्ची वळवली.

"उलटा बसवला गं मी. जळला तो."

मशीन थांबलं. बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. परवा सकाळी सात. ती वेळ चुकली की पुढची महिन्याने. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि विचारलं, "काढता येईल?"

"येईल. पण बोर्डाचं काय होईल ते सांगता येत नाही."

काढताना बोर्डाचे जे हाल झाले ते मी मशीनच्या पाटावरून पाहिले. एक पाय मोकळा करावा तर बाकीचे सात धरून बसायचे. जन्माची गाठ ती, सुखासुखी सुटते होय? आयसीचे तुकडे निघाले आणि त्यांच्याबरोबर तांब्याच्या तीन रेघाही उचलून आल्या. दादाला दरदरून घाम फुटला होता. पण तुटलेल्या रेघांच्या जागी त्याने केसासारखी तार अशी काही बसवली की मी मनातल्या मनात त्याला सलाम केला. हात सोन्याचा होता त्याचा, फक्त चित्र चुकलं होतं.

शनिवारी सकाळी बहीण रेडिओच्या दुकानात गेली. दुकानदाराने खण धुंडाळून एक आयसी काढला. "हा एकच उरलाय. जपून वापरा," असं तो म्हणाला. तिने तो रुमालात गुंडाळून आणला आणि दादापुढे ठेवला.

"हा सॉकेटमध्येच बसवायचा," ती म्हणाली.

"बसवू. पण सॉकेट कुठाय आता?"

तिने हळूच मशीनकडे पाहिलं. दादानेही पाहिलं. माझ्या अंगावर पाच सुया उभ्या होत्या.

"कपाळ माझं! सुया खुपसल्यास त्याच्यात?"

"मग? तू टाकून दिला होतास ना!"

दोन दिवसांत पहिल्यांदाच दोघं हसली. सुया निघाल्या, आणि मी टेबलाच्या त्या बाजूला गेलो जिथून तीन आठवड्यांपूर्वी भिरकावला गेलो होतो. दादाने मला सोल्डर करण्याआधी बहिणीला शेजारी बसवलं. "तू कागद वाच, मी बोट ठेवतो. मग मी वाचतो, तू बोट ठेव. या वेळी चार डोळ्यांनी बघायचं." पुढचं चित्र, मागचं चित्र, खाच कुठे, पहिला पाय कुठे, असं तीनदा म्हणून झालं तेव्हा कुठे सोल्डरचं तापलेलं आयर्न माझ्या पायाला लागलं. चटका बसला, पण तो चटका मला हवाहवासा होता. थंड झाल्यावर नवा आयसी माझ्यावर बसला. बॅटरी जोडली. आणि रेडिओतून कुणीतरी गाऊ लागलं! बहिणीने टाळी वाजवली. दादाने सुस्कारा सोडला.

मी मात्र मनातून घाबरलो होतो. सात पाय मी घट्ट धरले होते, पण पाचवा माझ्या फाकलेल्या पात्यांना जेमतेम टेकला होता. आणि आवाज बाहेर जातो तो नेमका पाचव्या पायातून.

रविवारी पावणेसातला दोघं टेबलाशी बसली. चहा गार झाला तरी कुणी कप उचलला नाही. सातच्या ठोक्याला खरखरीतून आवाज आला. हवामान केंद्राचा प्रमुख बोलत होता. आधी स्वयंपाक्याने आपल्या आईला निरोप दिला. मग एका निरीक्षकाने मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. प्रमुख पुन्हा म्हणाला, "आता पुढचा निरोप..." आणि आवाज बंद.

पाचवा पाय सुटला होता. मी जिवाच्या आकांताने पात्या आवळू पाहत होतो, पण फाकलेलं पितळ आपणहून थोडंच जवळ येतं?

"दादा!" बहीण ओरडली.

दादाने बॅटरीची तार हलवली. काही नाही. बोर्डावर टिचकी मारली. खर्रर्र, पुन्हा शांत. मग त्याने अंगठा आयसीच्या एका कोपऱ्यावर ठेवून दाबला. काही नाही. दुसऱ्या कोपऱ्यावर दाबला आणि आवाज आला. अंगठा जरा हलला, आवाज गेला. पुन्हा दाबला. आला. मग त्याने श्वास रोखला आणि अंगठा तिथेच ठेवला. घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगवर चालणारा तो हात, त्या सकाळी मला दगडासारखा स्थिर लागला.

"...मीच बोलतोय. ओळखलास ना आवाज? दुसऱ्याचं अक्षर बघून घाबरली असशील. डावा हात दोरखंडाच्या चाकात सापडला. दोन बोटं गेली. मी पडलो डावरा, लिहिणार कसा? आता उजव्याने गिरवतोय, पहिलीतल्या पोरासारखा. बाकी ठणठणीत आहे. जेवतो, झोपतो, कामही करतो. दादांना नमस्कार सांग. आणि ऐक, इथे थंडी फार आहे. पुढच्या बोटीने लोकरीचे हातमोजे पाठव. डाव्याला तीनच बोटं शिव. करंगळी आणि तिच्या शेजारचं नको. शिवशील ना? रडत बसू नकोस. चल, वेळ संपली."

बहिणीने पेन्सिल उचलून किटच्या कागदावर लिहिलं: 'डावा, तीन.' अक्षर वेडंवाकडं आलं. मग ती रडली, आणि रडता रडता हसली. "आहेत रे दादा, धडधाकट आहेत. माप सांगतायत मला!"

दादाचे डोळेही वाहत होते. पण त्याचा एक हात माझ्यावर होता आणि दुसरा स्टेशनच्या बटणावर. पुढचे निरोप चालू होते, त्यामुळे त्याला दोन्ही सोडवेनात. न जाणो, प्रमुख आणखी काही म्हणाला तर? शेवटी बहिणीनेच हातातल्या कापडाच्या तुकड्याने त्याचे डोळे पुसले. कार्यक्रम संपेपर्यंत तो हलला नाही. अंगठ्यावर आयसीच्या कडेचा लाल वळ उठला होता.

दुपारी त्याने आयसी काढला, भिंग लावलं आणि माझ्या पाचव्या भोकात सर्वांत बारीक चिमटा घातला. एकेक पाती त्याने इतक्या हलक्या हाताने जवळ आणली की मला गुदगुल्या झाल्या. "मी म्हणत होतो सैल पडतो. पडला," तो बहिणीला म्हणाला. "पण सैल पडलं ते अंगठ्याने धरता आलं. मी पक्कं केलं होतं ते काढताना तर बोर्डच फाटला." बहीण तेव्हा डाव्या हातमोज्याचं कापड बेतत होती. ती नुसती हसली.

त्यानंतर माझी भरभराट झाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या खोलीत बेटावरच्या माणसांच्या बायका, आया, बहिणी जमू लागल्या. ज्यांना यायला जमायचं नाही त्यांचे निरोप बहीण लिहून घ्यायची आणि घरोघरी पोचवायची. दादाकडे लोक रेडिओची किटं घेऊन यायला लागले. तो एरियलजवळचे भाग थेट सोल्डर करायचा, आयसी सॉकेटमध्ये बसवायचा आणि प्रत्येक वेळी बहिणीला हाक मारून म्हणायचा, "ये गं, खाच बघ." पुढे दीड वर्षाने बहिणीचा नवरा परत आला. त्याने आपल्या तीन बोटांनी मला अलगद चाचपलं आणि "हाच का तो?" असं विचारलं. असा मान किती सॉकेटांना मिळतो?

मग बेटावर टेलिफोन गेला. रविवारची गर्दी ओसरली. आमचा सेट कपाटावर गेला, त्यावर धूळ बसली, त्या धुळीवर आणखी धूळ बसली. वर्षं लोटली. पण मी रुसलो नाही. ज्यांनी मला चटका दिला, सुया टोचल्या, अंगठ्याने दाबलं, त्या सगळ्यांनी मला काही ना काही दिलंच. वर्षातून एकदा दादा अजून सेट खाली काढतो, ब्रशने झाडतो, माझे पाय पुसतो. तेवढं मला पुरतं.

मित्रांनो, वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. भोक दिसलं म्हणून त्यात सुई खुपसू नका. पण आणखी एक गोष्ट सांगतो, जी मी मशीनच्या पाटावरून उघड्या डोळ्यांनी पाहिली. त्या शुक्रवारी दुपारी, जळका आयसी समोर पडलेला असताना, बहिणीला एक वाक्य म्हणण्याचा पुरेपूर हक्क होता. ते तिच्या ओठांवर आलेलंही मी पाहिलं. 'मी सांगितलं होतं.' ते तिने गिळलं. शनिवारी गिळलं, रविवारी गिळलं, आणि आजतागायत उच्चारलेलं नाही. ती ते बोलली असती तर दादाने पुन्हा आयर्न हातात धरलं नसतं, आणि बेटावरचा तो आवाज रिकाम्या हवेतच विरला असता. तेव्हा घरात कुणी चूक करून खाली मान घालून बसलं असेल, तर ते तीन शब्द तुम्हीही गिळा. त्याच्या शेजारी बसा, आणि म्हणा, चल, तू वाच, मी बोट ठेवते.